कांजण्या एकदाच होतात, मग फुफ्फुसातली बुरशी परत परत का येते? शरीर विसरतं का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी कांजण्या एकदा येऊन गेल्या की शरीर ते लक्षात ठेवतं, मग छातीतली बुरशी गोळ्या घेऊन बरी झाली असं सांगितलेलं असताना दोन वर्षांत परत कशी काय आली. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, फोंड्याला बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवतो, पण आमच्या मामांना हेच झालेलं, त्यामुळे घरात तीन-चार वर्षं हाच विषय चघळून झालाय.

आधी ते कांजण्यांचं, कारण ते उदाहरण तुमच्यावरच उलटतं. कांजण्यांचा व्हायरस अंगातून जातच नाही, मज्जातंतूंच्या गाठींमधे गप्प पडून राहतो आणि म्हातारपणी पहारा ढिला पडला की नागीण होऊन बाहेर येतो. आठवण असते, तीच त्याला इतकी वर्षं दाबून धरते, पण मुळासकट उपटून टाकत नाही.

क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी अगदी हेच करते. कबुतरांच्या विष्ठेतून धुळीबरोबर फुफ्फुसात जाते, मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिला गिळतात पण ती त्यांच्या पोटातसुद्धा जिवंत राहू शकते, मग शरीर तिच्याभोवती पेशींची भिंत बांधून तिला कोंडून टाकतं. 1999 मधे फ्रान्समधला एक अभ्यास आला होता, आफ्रिकेत जन्मलेले पण कितीतरी वर्षं फ्रान्समधे राहणारे पेशंट, आणि त्यांच्यात सापडलेली बुरशी आफ्रिकेतल्या जातीची! म्हणजे तिकडून येतानाच छातीत घेऊन आले होते. एचआयव्हीमधे सीडी4 नावाच्या संरक्षक पेशी कमी झाल्या, की पहारेकरीच गेले, मग ती उठते आणि मेंदूपर्यंत जाते.

अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचं गणित वेगळं, आणि आपल्या गोव्यात पावसाळ्यात बुरशी काय ते वेगळं सांगायला नको, जुलैत कपाट उघडलं की चामड्याचा पट्टा हिरवा झालेला असतो. हिचे बीजाणू 2 ते 3 मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलीमीटरमधे चारेकशे मावतील, आणि असे शेकडो आपण रोज ओढतो, कुळागरात म्हणजे सुपारीच्या बागेत कुजलेला पालापाचोळा उपसणारे तर कितीतरी जास्त. बीजाणूवर प्रथिनाचं एक आवरण असतं त्यामुळे तो सुका असेपर्यंत शरीराला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, तो फुगून अंकुर फुटायला लागला की आवरण गळतं, आतलं बीटा-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या भिंतीतली साखर, उघडं पडतं आणि मग आरडाओरडा सुरू. मॅक्रोफेज बीजाणू खातात, तंतू फुटलेच तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. ह्या रोजच्या कामाला जागेवरची फौजच पुरते, आठवणीची वाट बघत बसायला वेळ नसतो. आणि म्हणूनच तुमची "परत आली" ती जुनीच उरलेली की नवीन ओढलेली हे आधी कळायला पाहिजे.

आता मामांचं. त्यांना 1994 मधे टीबी झालेला, बरा झाला, पण वरच्या भागात एक पोकळी राहून गेली. 2019 ला खोकल्यातून रक्त पडलं. एका हॉस्पिटलात थुंकी तीन वेळा तपासली, तिन्ही वेळा टीबी नाही, तरी जुना पेशंट म्हणून सहा महिने टीबीच्याच गोळ्या दिल्या, वजन गेलं ते गेलंच. मग दुसऱ्या डॉक्टरनी सीटी स्कॅन काढला, पोकळीत बुरशीचा गोळा, कुशीवर वळवलं की तोही हलतो. आणि रक्तात अ‍ॅस्परजिलसविरुद्धची आयजीजी नावाची अँटीबॉडी भरमसाठ वाढलेली. इथे माझं डोकं फिरलं, कारण आयजीजी म्हणजे आठवणच की! शरीराला सगळं आठवत होतं, अँटीबॉडी रक्तात ढिगाने होत्या, पण पोकळीच्या आत रक्तवाहिनीच नाही, मग त्या गोळ्यापर्यंत जाणार कुठून. तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर हे आहे, आठवण असते पण वाट नसते. शिवाय शत्रू वर्षानुवर्षं समोरच बसून राहिला की लढणाऱ्या टी पेशी पण थकतात, तो भाग आणखी वेगळा.

तिसरा प्रकार दम्याच्या लोकांत, एबीपीए म्हणतात, म्हणजे ह्याच बुरशीची फुफ्फुसातली अ‍ॅलर्जी. तिथे आठवण गरजेपेक्षा जास्त, थोड्याशा बुरशीवर आयजीई ह्या अ‍ॅलर्जीच्या अँटीबॉडीचा भडिमार, आणि नुकसान बुरशीपेक्षा आपल्याच सुजेने होतं. म्हणून तिथे स्टिरॉइड देतात. असल्या माणसाला कोणी "इम्युनिटी वाढव" म्हणून काढे पाजले की मला राग येतो, अरे ती कमी करायला औषध चाललंय! (चालू असलेलं स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं.)

लस विचाराल तर माणसासाठी बुरशीवर एकही मान्यता मिळालेली लस अजून नाही.

औषधाचं एक सांगतो कारण आमचे दोन महिने त्यातच वाया गेले. मामांना इट्राकोनॅझोल ह्या बुरशीवरच्या औषधाची कॅप्सूल होती, ती विरघळायला पोटात आम्ल लागतं, भरल्या पोटी घ्यायची. आणि हे सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन वर ती उपाशीपोटी घेत होते! डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले आंबट काहीतरी बरोबर घेतलं तर उलट बरं, त्यावर मामांनी लगेच विचारलं, "मगीर सोलकडी चलता काय दोतोर?" सर्जरी त्यांना झेपणारी नव्हती, वर्षभर गोळ्या चालल्या, रक्त पडायचं थांबलं, गोळा अजून आहे. इतर गोळ्यांशी हे औषध भांडतं, तेव्हा तुमची सगळी यादी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या प्रश्नात बुरशीचं नावच नाही. रिपोर्टवर कुठली लिहिलीय, सीटीमधे पोकळी आहे का, आयजीजी-आयजीई केली का, शुगर आणि दमा आहे का, एवढं कमेंटमधे टाका, मग पुढचं बोलता येईल.