कोळून प्यायलीस म्हणे!

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. नोकरीला जेमतेम तीन महिने झाले आणि 'ऑफिस कोळून प्यायले' म्हणतेस! आजीला चिंचेचा कोळ काढताना पाहिलंयस ना? आधी भिजवायची, मग कुस्करायची, चोथा पिळून टाकायचा. तुझी चिंच अजून भिजतेय गं.

आणि हे शब्द आपले आपल्याला लावायचे नसतात. ते लोक लावतात, बहुतेकदा आपली पाठ फिरल्यावर. 'तिचा हात बसलाय' हे निखळ कौतुक. 'मुरलेली' हे म्हणणाऱ्याच्या आवाजावर. 'पोचलेली' संतालाही म्हणतात आणि बिलंदरालाही. तुला कोणी म्हणालं तर लगेच हरखू नकोस. 'बारा गावचं पाणी प्यायलेली' म्हणजे हिच्याशी जरा जपून. आणि 'सराईत' हा शब्द पेपरात कोणाला चिकटतो ते बघच एकदा.

मी मुंबईत फोर्टात नोकरीला लागले १९९२ साली. त्याच वर्षी ५ मेला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल लोकल सुरू झाली. माझी शाळा तीच. तिघींच्या बाकावर चौथी सीट कशी मागायची, 'कुठे उतरणार?' विचारून जागा कशी सांगून ठेवायची, सगळं तिथेच शिकले. एकदा ती गाडी चुकली. 'माहितीय मला' म्हणत ऐन गर्दीत विरार फास्ट पकडली, उतरायचं बोरिवलीला! दारातल्या बायका ना हलल्या, ना त्यांनी मला हलू दिलं. बोरिवलीच्या पुढे भाईंदरला उतरले तेव्हा एक बाई म्हणाली, "नवीन आहेस ना? बोरिवलीवाल्यांनी विरार पकडायची नसते." हा नियम कुठल्याच इंडिकेटरवर येत नाही.

तू अजून वर्षभर 'मी नवीन आहे' असंच म्हणत जा. व्हाउचर आधी कोणाच्या टेबलावर न्यायचं, साहेबांना जेवणाआधी गाठायचं की नंतर, हे सगळं लोक आपणहून सांगतात. 'माहितीय' म्हटलंस की गप्प बसतात. शिपाईकाका तर हमखास. सगळ्यात जास्त ठाऊक असतं ते त्यांनाच, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

कैरीचं लोणचं घातलंय. अजून मुरलं नाही, पंधरा दिवसांनी ये. रिकामी बरणी घेऊन ये, मागच्या दोन तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
मावशी