नराच्या रक्तात अंड्याचे प्रथिन

प्रश्न : पंचगंगेच्या पाण्यात हार्मोन बिघडवणारी रसायने आहेत का, हे झेब्राफिश या छोट्या प्रयोगशाळेतल्या माशावरून ओळखता येते म्हणे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल का? नदीत मासे मरून तरंगतात ते याचमुळे का?
– प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : शेवटचे आधी. मासे एकाएकी मरतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे. नदीत ज्या अत्यल्प प्रमाणात इस्ट्रोजेन या मादी-हार्मोनसारखी रसायने सापडतात, त्यांनी मासा असा मरत नाही. तो खातोपितो, वीण तेवढी बिघडते. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतले इथिनिलइस्ट्रॅडिऑल लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम राखले, तर फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपलेच.

मादीचे यकृत इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर व्हिटेलोजेनिन बनवते. अंड्यातला बलक त्यापासूनच होतो. त्याचे जनुक नरातही असते, पण निजलेले. नराच्या रक्तात हे प्रथिन वाढले, की पाण्यात इस्ट्रोजेनचा गुण आहे असे धरायचे.

आधी प्राणी नीती समितीची परवानगी घ्या. मग काचेच्या टाक्यांत प्रौढ झेब्राफिश २१ दिवस ठेवा, पाणी २६ अंशांच्या आसपास. थंडीत हीटर लागेलच. एका टाकीत क्लोरीन काढलेले नळाचे पाणी, दुसऱ्यात शहराच्या वरच्या अंगाच्या प्रयाग चिखलीचे, तिसऱ्यात शहराचे सांडपाणी आणणारा जयंती नाला मिळाल्यानंतरचे. चौथीत लिटरमागे १० नॅनोग्रॅम इथिनिलइस्ट्रॅडिऑल. तिथेही प्रथिन वाढले नाही तर बाकीच्या निकालांना अर्थ नाही. नदीचे पाणी ताजे आणून वरचेवर बदला, साठवले तर जिवाणू हार्मोन खाऊन टाकतात. नाल्याखालच्या पाण्यात अमोनिया जास्त असेल तर ते पातळ करा आणि हवा चालू ठेवा.

घोटाळा होतो तो रक्त काढताना. मादीत हे प्रथिन नरापेक्षा हजारो पटींनी जास्त, त्यामुळे हातमोज्यावरचा एक थेंबही नराचा नमुना नासवतो. नर आधी, माद्या नंतर, मोजे दर वेळी नवे. भूल देऊन, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन लावलेल्या केशनलिकेत रक्त घ्या; माशामागे काही मायक्रोलिटरच मिळते. लगेच बर्फावर ठेवा, प्रथिन तुटू न देणारे ॲप्रोटिनिन घाला. प्रथिन मोजायचे एलायझा किट झेब्राफिशसाठीचेच हवे.

खाद्याकडेही बघा. सोयाबीन घातलेल्या गोळ्यांत वनस्पतिज इस्ट्रोजेन असतात, मग नळाच्या पाण्यातले नरही 'दूषित' ठरतात. त्यापेक्षा आर्टेमिया हा बारीक कोळंबीसारखा जीव बरा.

कोणते रसायन, हे मासा सांगणार नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना रसायने ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राकडेच न्यावा लागेल. थायरॉइड बिघडवणारी रसायनेही या चाचणीतून निसटतात.