चंबळ नदीवर पाणचिरा (इंडियन स्किमर) हा पक्षी पाहायला डिसेंबरात एकच दिवस मिळतोय. जावं का?

दिवस एक पुरतो, महिना तेवढा बदला. डिसेंबरात पाणचिरा दिसत नाही असं नाही, पण तेव्हा थवे नदीभर फिरत असतात. काल जिथे होते तिथे आज असतीलच असं नाही. मी मार्चचा दुसरा पंधरवडा सुचवेन. पाणी उतरून वाळूची बेटं उघडी पडलेली असतात आणि विणीसाठी पाणचिरे त्यांवर ठाण मांडून असतात. थंडीत जाण्याचा फायदा एवढाच, की ऊन खात पडलेले घडियाल सहज दिसतात. पावसाळ्याचा तर विचारच नको, बेटंच बुडतात.

मुक्काम धौलपूरला करा, आग्राही चालेल. बोट पहाटेची घ्या, नाहीतर संध्याकाळची. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो पाण्यालगत सरळ उडत जातो आणि मासा चोचीला लागला की चोच खटकन मिटते. मासा डोळ्यांनी शोधायचा नसल्यामुळे अंधुक उजेडातही त्याचं अडत नाही, उलट तेव्हा पाणी संथ असतं ते सोयीचंच. भर दुपारी बहुतेक वेळा वाळूवर बसलेला थवाच मिळेल. तेही वाईट नाही, नारिंगी चोच नीट निरखता येते. अंडी घातलेली असतील तर पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. हे मला त्या प्रसिद्ध उडण्याइतकंच बघण्यासारखं वाटतं.

बेटावर उतरायचं नाही आणि बोट फार जवळ न्यायची नाही, हे नावाड्याला निघतानाच सांगून ठेवा. अंडी वाळूतल्या साध्या खळग्यात उघडी पडलेली असतात. पक्षी उठले की ती उन्हात तापतात, शिवाय कावळे टपलेलेच. (लांब लेन्स गळ्यात अडकवून ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणणारा एक जण प्रत्येक बोटीत असतो. त्याला तुम्हीच आवरा.)

सोबत ८×४२ची दुर्बीण पुरे. त्याच बेटांवर नदी सुरय (रिव्हर टर्न) हे पक्षीही असतात. पाणचिरा त्यांच्याहून मोठा आणि वरून काळसर, त्यामुळे घोटाळा होणार नाही. सुरयांमध्ये काळ्या पोटाचा एखादा दिसला तर मात्र बोट थांबवायला लावा. पाणचिऱ्यासारखाच तोही जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.