ट्रायपॉड रॉक हिमनदीनेच ठेवला का, आणि तिथवर आईवडिलांना चालवेल का?

आपण विचारले आहे की न्यू जर्सीतील ट्रायपॉड रॉक माणसांनी रचला की निसर्गाने, आणि भारतातून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना तिथे नेता येईल का.

पिरॅमिड माउंटनच्या जंगलात तीन लहान दगडांवर तोललेली ही दीडशे टनांहून जड शिळा पाहिली की ती कोणी मुद्दाम उचलून ठेवली असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्यास्ताशी तिथल्या दगडांचे नाते जोडणारेही आहेत. मात्र भूशास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण मला अधिक पटते. शेवटच्या हिमयुगात या डोंगरावरून सरकणाऱ्या बर्फाने वाटेतले खडक उखडून पोटात घेतले होते, आणि सुमारे १८,००० वर्षांपूर्वी तो बर्फ वितळू लागला तेव्हा मोठी शिळा लहान दगडांवर अलगद टेकली व भोवतालची माती-वाळू वाहून गेली. महाबलीपुरमचा तोललेला गोल दगड आईवडिलांनी पाहिला असेल तर त्यांना हा फरक जरूर सांगावा: तो ग्रॅनाइट जागच्या जागी झिजून तसा उरला आहे, हा मात्र बर्फाने वाहून आणलेला नाइस नावाचा पट्टेदार खडक आहे.

बूनटन अ‍ॅव्हेन्यूवरील माहिती केंद्रापाशी गाडी लावून निळ्या खुणांच्या वाटेने निघावे. पूल ओलांडल्यावर विजेच्या तारांखालून जो चढ लागतो तो खडा आहे, पायाखाली सुटे दगड आणि मुळे आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी हवीच. चढ संपल्यावर स्वच्छ हवेत न्यूयॉर्कच्या इमारती दिसतात. तिथे बसून घ्यावे. पुढे पांढऱ्या खुणांची वाट शिळेपर्यंत नेते आणि ती बरीच सोपी आहे. सावकाश गेल्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ धरावा. तरुण मंडळींनी पश्चिमेच्या दरीतला बेअर रॉकही पाहावा, कारण राज्यातल्या अशा सर्वांत मोठ्या शिळांमध्ये त्याची गणना होते.

१९८० च्या दशकात इथे घरे बांधण्याचा बेत होता आणि स्थानिक नागरिकांनी चिकाटीने लढून हा डोंगर वाचवला. म्हणून कळकळीने सांगतो, छायाचित्रासाठी शिळेवर कोणालाही चढवू नका. उन्हाळ्यात गोचिडांमुळे लाइम रोगाचा धोका असतो. पायघोळ विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर सर्वांचे अंग तपासावे.