नवीन एसएसडी बसवली, पण लॅपटॉपला दिसतच नाही. दुकानात परत करू का?

एवढ्यात परत करू नका. कोरी एसएसडी इनिशियलाइज, म्हणजे विंडोजला वापरता येईल अशी तयार, केल्याशिवाय ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, विचारल्यावर जीपीटी (ड्राइव्हची विभागणी करायची पद्धत) निवडा आणि काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा. मी ठाणे स्टेशनजवळ लॅपटॉप दुरुस्त करायला बसतो. बरेच जण एवढ्यासाठीच जिना चढून येतात. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एसएसडीचे नाव नसेल तर मात्र भानगड वेगळी. एम.२, म्हणजे चपट्या पट्टीसारखी, एसएसडी असेल तर काढून तिचे सोनेरी दात बघा. दोन खाचा असतील तर ती बहुधा सॅटा (जुन्या, संथ जोडणीची) आहे, आणि फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) घेणाऱ्या स्लॉटमध्ये ती चपखल बसूनही दिसणार नाही. तेव्हा खुशाल बदलून घ्या. हो, ड्राइव्ह जुनी, डेटा असलेली असेल तर इनिशियलाइजला हातही लावू नका.