मांजराच्या कापलेल्या मिशा परत येतात का?

तुमच्या भाच्याने खेळता खेळता मनीच्या एका बाजूच्या मिशा कात्रीने उडवल्या आणि आता ती बिचकत चालते, असं तुम्ही लिहिलंय. मिशा परत येतात. दोन-तीन महिने धरून चला. कापताना तिला दुखलंही नसणार, कारण केसात नस नसते.

सगळा खेळ मुळाशी असतो. मिशी अंगावरच्या केसापेक्षा जाड असते आणि खूप खोल रुजलेली असते. मुळाभोवती रक्ताने भरलेली पिशवी आणि तिच्यात नसांचं जाळं. टोक जरासं कुठे टेकलं, नुसती हवा हलली, तरी मुळाला कळतं. आंधळ्याच्या काठीसारखंच आहे हे. ती काठी अर्धी तुटली म्हणून मनी बिचकते.

काठी लागते, कारण नाकासमोर वीतभर अंतरावरचं मांजराला धड दिसत नाही. सुकटीचा तुकडा तिच्या पुढ्यात टाकून बघा. डोळ्यांसमोर असूनही ती हुंगत शोधेल आणि तोंड जवळ नेताना मिशा पंख्यासारख्या पुढे येतील. उंदीर तोंडात धरला की याच मिशा त्याच्याभोवती वळतात, तो मेलाय की अजून वळवळतोय हे त्यावरून समजतं. घाबरली की त्याच गालाला चिकटतात. मिशा डोळ्यांवर, हनुवटीवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात. त्या शाबूत असतील तर तिचं बरंच काम भागेल.

मिशा जिथून जातात तिथून मांजर जातं, असं म्हणतात. सडपातळ मांजरापुरतं ठीक आहे. खाऊन सुटलेल्या बोक्याचं पोट वाढतं, मिशा काही त्या मापाने वाढत नाहीत!

आता एवढं करा. बरोबरी करायला म्हणून दुसऱ्या बाजूच्या मिशा अजिबात छाटू नका. महिनाभर तिला गच्चीच्या कठड्यावर किंवा खिडकीच्या छज्जावर जाऊ देऊ नका, उडी चुकू शकते. घरातलं सामान इकडचं तिकडे करू नका. झाडताना एखादी अख्खी मिशी सापडली तर काळजी नको, त्या अधूनमधून गळतातच. गालावर लाली, सूज किंवा खपली दिसली, किंवा मिशा आपोआप भराभर गळायला लागल्या, तर मात्र जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.