ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातील पोपटांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

आपण पोपटांच्या वर्तनाचा अभ्यास करू इच्छिता, तर पिंजऱ्यातल्या पक्ष्यापासून सुरुवात करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार आपले देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, आणि बंदिस्त पक्ष्याचे वर्तन तसेही फसवे असते.

आधी ओळख पक्की करावी. खांद्यावर लाल डाग आणि जाडजूड चोच दिसली, तर तो पहाडी पोपट समजावा. नराचे डोके जांभळट लाल असेल, तर तो तोई पोपट. नेहमीच्या कीर पोपटाच्या बाबतीत मात्र नवखे हमखास फसतात, कारण गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी पट्टा नराला साधारण तिसऱ्या वर्षी येतो आणि तोपर्यंत तो मादीसारखाच दिसतो. म्हणून वहीत ‘मादी’ असे न लिहिता ‘पट्टा नसलेला’ एवढेच लिहावे. ढोलीत बराच वेळ बसून राहणारा आणि नराकडून चोचीत चारा घेणारा पक्षी दिसला, तरच मादी म्हणावे.

संख्या मोजायची तर सायंकाळी, थवे रातथाऱ्याला परतताना, एकाच ठिकाणी उभे राहून, दर पाच मिनिटांची नोंद वेगळी ठेवून मोजावे. झाडावर बसलेले पोपट मोजण्याच्या भानगडीत पडू नये. हिरव्या पानांत निम्मे सुटतात.

वीण मुख्यतः जानेवारी ते एप्रिलमध्ये होते. हे पक्षी बहुधा तांबट, सुतार या पक्ष्यांनी कोरलेल्या किंवा नैसर्गिक ढोल्या वापरतात, त्यामुळे वठलेल्या झाडांचीही नोंद ठेवावी. ढोलीत मोबाइल घालून छायाचित्र काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.